न्हाव्याची हजामत

अथेन्स, ६ मार्च

नोनो,

तुमचं पत्र आणि कुराब्येदेसचा डबा, दोन्ही ऑफिसच्या पत्त्यावर पोचलं. मिठाई मी मजल्यावर वाटली. कव्हालाची आहे म्हटल्यावर सगळ्यांनी दोन-दोन उचलली. मी खाल्ली नाही.

तुम्ही लिहिता की बाप्तिस्म्याच्या दिवशी तेलाने माखलेली मी तुमच्या हातांतून निसटत होते, पण तुम्ही मला सोडलं नाहीत. शक्य आहे, मला आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच, की दर ईस्टरला धर्मपित्याने मेणबत्ती आणि नवे बूट पाठवायचे असतात आणि तुमचे आले नाहीत ते माझ्या चौदाव्या वर्षी. मी आदल्या वर्षीचे बूट घालून देवळात गेले. टाचांना फोड आले. आई म्हणाली, "नोनो कामात असेल." बाबांनी तोवर बोलणंच कमी केलं होतं.

आता कामाचं. तुम्हाला ऑफिसात कुणी सांगितलं ते बरोबर आहे. गालिनी फंड 'साधा' की 'गुंतागुंतीचा', हे ठरवायचं काम माझ्याकडे आहे. समिती माझ्या शिफारशीवर शिक्का मारते. आजवर एकदाही फिरवलेली नाही.

तुम्ही विचारता, "बाळा, सरकारी रोख्यांचा फंड तो. त्यात गुंतागुंत कसली?"

हेच वाक्य, थोड्या फरकाने, तुम्ही बाबांच्या खुर्चीत बसून म्हणाला होता. तोंडाला फेस, मान मागे टाकलेली. मी कोपऱ्यातल्या बाकावर गणितं सोडवत होते. "लाझारोस, अरे राज्याचा कागद आहे. राज्य काय गाढव आहे, दावं तोडून पळून जायला?" बाबा हसले होते. तुम्ही तेव्हा बँकेच्या शाखेचे मॅनेजर. बाबांनी पेरामोसची आजोबांची जमीन विकली आणि सगळे पैसे तुमच्या हातात दिले. दोन वर्षांनी राज्य पळालं नाही. राज्याने वस्तरा काढला. साडेत्रेपन्न टक्के कापून उरलेल्याचे नवे कागद दिले, मुदत लांबवून. वर्तमानपत्रांनी, मंत्र्यांनी, सगळ्यांनी त्याला एकच शब्द वापरला: हजामत. कव्हालाच्या बंदरावर हा विनोद वर्षभर पुरला. न्हाव्याचीच हजामत झाली.

तुम्ही त्या हजामतीच्या मार्चपासून केस दुसरीकडे कापून घेता. आता बँकेतही नाही. आमच्याच कंपनीचे कव्हालाचे एजंट आहात, निवृत्तीला दोन वर्षं आहेत, आणि या वर्षी ठरलेली विक्री झाली नाही तर कंपनी करार पुढे चालवणार नाही. गालिनी 'साधा' ठरला तर तुम्ही तो फोनवर विकू शकता, कुणाला काही न विचारता. 'गुंतागुंतीचा' ठरला तर प्रत्येक माणसाला समोर बसवून आठ प्रश्न विचारावे लागतील, आणि तुमच्या चर्चच्या मंडळातल्या विधवा त्या आठांत बुडतील. मला तुमची अडचण समजली आहे.

मी अजून ठरवलेलं नाही.

ठरवण्याआधी माझी एक अट आहे. बाबांच्या दुकानात जा. खुर्चीत बसा, दाढी करून घ्या. शनिवारी सकाळी जा, तेव्हा दुकान भरलेलं असतं. मी सांगितलं असं बोलू नका.

मिर्सिनी

*

अथेन्स, १३ मार्च

नोनो,

तुम्ही गेला नाहीत. त्याऐवजी चार पानी पत्र पाठवलंत. एकेका मुद्द्याचं उत्तर देते.

"मी पण फसलो होतो, वरून सांगतील तेच विकत होतो." तुमचे स्वतःचे पैसे तेव्हा कुठे होते? घरात, रोख. तुमच्या बायकोनेच, थेआ वासोने, आईला सांगितलं होतं, त्या दोघी अजून एकमेकींशी बोलत होत्या तेव्हा.

"लाझारोस मला दुकानाबाहेर काढील." नाही काढणार. तुम्ही त्यांना ओळखत नाही, किंवा चांगले ओळखता.

"हा फंड तसा नाही, यात पाच देशांचे रोखे आहेत, एक बुडाला तरी चार आहेत." इथे तुम्ही चुकता. ही चूक तुम्ही विधवांनाही सांगणार, म्हणून सविस्तर लिहिते. फंडातल्या पैशांचे बहुतेक सरकारी रोखे घेतले आहेत, हे खरं. पण त्याला एक करार जोडलेला आहे. दर वर्षी एका ठरलेल्या दिवशी पाचही देशांच्या रोख्यांचा व्याजदर पाहायचा. पाचांतल्या एकाचा जरी ठरलेल्या रेषेच्या वर गेला, की त्या वर्षीचा फायदा शून्य. आणि पाचव्या वर्षी, शेवटच्या दिवशी, एक जरी रेषेच्या वर असला तर मुद्दलातून कापायचं. म्हणजे एक बुडाला तर चार वाचवत नाहीत. एक डगमगला तरी पाचही कापतात. पाच देश आहेत म्हणून धोका पाचांत वाटला जात नाही. धोक्याला आत यायला पाच दारं मिळतात.

कायदा म्हणतो की फंड सहसा साधेच धरायचे. पण ज्याचा परतावा आधीच लिहून ठेवलेल्या सूत्रावर, अटींवर चालतो, तो साधा नव्हे. धोका किती, हा प्रश्नच नाही. घोड्यांच्या शर्यतीत धोका आहे, पण ती साधी आहे, घोडा हरला की सगळ्यांना दिसतं. माझा प्रश्न एवढाच असतो: घेणाऱ्या माणसाला, कुणी शेजारी नसताना, आपण काय घेतलं ते कळेल का?

"पण हे असं कोण वाचतं, बाळा?" असं तुम्ही लिहिलंय. हे वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्ही गंमत करत नव्हता.

सूत्र कशाला सूत्र म्हणायचं, यावर दोन मतं होऊ शकतात. मी 'साधा' लिहिलं तर कुणी वकील मला दोष देणार नाही. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते.

शनिवारी सकाळी.

मिर्सिनी

*

अथेन्स, २४ मार्च

नोनो,

तुम्ही गेलात. तुमच्या पत्राआधी बाबांचा फोन आला. नंतर शेजारच्या कॉफीवाल्या स्ट्रातोसचा. तुम्ही तुमच्या पत्रात जे गाळलंय, ते त्या दोघांकडून कळलं.

दुकानात सहा माणसं होती. तुम्ही दारात उभे राहिलात, टोपी हातात. मग बाबा म्हणाले, "दार लाव, गारवा येतोय." तुम्ही आत यायचं की बाहेर राहायचं, हे तुम्हाला कळेना. स्ट्रातोस ट्रे घेऊन मागे उभा होता, तो म्हणाला, "साहेब, आत तरी व्हा नाहीतर बाहेर. माझी कॉफी निवतेय."

बाबांनी खुर्ची झटकली. तुम्ही बसलात.

बाबांचा उजवा हात गेल्या वर्षापासून थरथरतो. हे मी तुम्हाला कळवलं नव्हतं. केस कापताना चालून जातं, वस्तरा ते आता हातात घेत नाहीत. त्या दिवशी घेतला. स्ट्रातोस म्हणतो, तुम्ही आरशात तो हात पाहिलात आणि खुर्चीचे हात घट्ट धरलेत.

बाबा म्हणाले, "हलू नको लेका. सरकारी कागदासारखा बस."

दुकान हसलं. स्ट्रातोस म्हणाला, "लाझारोस, जपून, याच्या गळ्यात अर्धं मंत्रालय अडकलंय." तुम्हीही हसायला गेलात, आणि हसताना गाल हलला. कापलं ते तेव्हा. दोन ठिकाणी, हनुवटीखाली आणि कानाजवळ. बाबांनी तुरटी लावली. मग तुम्ही पाकीट काढलंत. दाढीचे आठ युरो होतात. बाबांनी आठ घेतले, गल्ला उघडला आणि मोजून चार युरो अठ्ठावीस सेंट तुमच्या तळहातावर ठेवले.

"हे काय?" तुम्ही म्हणालात.

"साडेत्रेपन्न टक्के कापून उरलेलं घेतो. राज्याचा नियम आहे. बाकीचे तुझे."

स्ट्रातोसच्या हातातली कॉफी सांडली म्हणे. अख्खा बाजार आता हेच सांगतोय. सगळे पुढे मागे हिशेब करून बघतात की तीन बहात्तर बरोबर आहे का. बरोबर आहे.

इथपर्यंत मला हवं तसं झालं. पुढचं मी धरलं नव्हतं. बाबांनी दुकानावर पाटी उलटी केली, बाकीच्यांना घालवलं आणि तुम्हाला आत नेलं. तिथे तुम्ही दोघांनी सिपुरोचे पेले घेतले. फोनवर बाबांचा आवाज मला ओळखू आला नाही. "मिर्सिनी, प्रोद्रोमोस आला होता! आपणहून आला. तेरा वर्षं लागली गाढवाला, पण आला. म्हणाला, लाझारोस, तुझं तोंड बघायची हिंमत नव्हती. मी म्हटलं, मग आरशात बघ, मी मागेच उभा असतो." ते हसत होते. मी ते हसणं शेवटचं ऐकलं तेव्हा आई होती.

तुम्ही त्यांना खरं सांगितलं नाहीत. त्याबद्दल आभार मानत नाही, ती अट होती.

आता तुमचं काम. आज समितीने निर्णय जाहीर केला: गालिनी फंड गुंतागुंतीचा. उद्या तुमच्या पडद्यावर दिसेल. आठ प्रश्न मीच लिहिले आहेत.

माझी शिफारस मी २६ फेब्रुवारीला दिली होती. तुमचा मिठाईचा डबा २८ला आला. म्हणजे तुमच्या पहिल्या पत्राच्या आधीच ठरलं होतं. 'अजून ठरवलेलं नाही' हे खोटं होतं. दोन मतं होऊ शकतात, हेही खोटं होतं. असं सूत्र असताना एकच मत होतं.

तुम्ही त्या खुर्चीत कशासाठीही बसला नव्हता. पंधरा वर्षांपूर्वी बाबांनी तुमच्या शब्दावर जमीन दिली होती, तसे तुम्ही माझ्या शब्दावर बसलात.

मिर्सिनी

*

अथेन्स, पवित्र मंगळवार, १५ एप्रिल

नोनो,

फोन उचला. कालपासून अकरा वेळा केला. हे पत्र आजच्या रात्रीच्या बसने पाठवते आहे, ड्रायव्हर सकाळी स्टँडवर पाकीट ठेवील. तुमचं नाव आणि फोन नंबर वर लिहिलाय, ते तुम्हाला बोलावतील.

मागच्या आठवड्याभरात कव्हालातून एकवीस जणांनी आठ प्रश्नांची परीक्षा दिली. वीस जणांना लाल पट्टी आली: 'हे उत्पादन आपल्यासाठी योग्य दिसत नाही.' एकही पुढे गेला नाही. घाबरून परत गेले, तेच अपेक्षित होतं. एकाला हिरवी पट्टी आली.

ती कुणाची ते मला पडद्यावरून कळण्याआधी फोनवरून कळलं.

"मिर्सिनी! पास झालो! तुझ्या बापाला कधी कुठल्या परीक्षेत पास झालेलं पाहिलंयस? शाळेत मास्तर म्हणायचा, लाझारोस, तुझ्या डोक्यावर केस आहेत तेवढेच आत आहेत. आणि आता बघ. प्रोद्रोमोसच्या मंडळातल्या सगळ्या नापास. त्यातली एक तर शिक्षिका होती, ती पण नापास. आणि न्हावी पास!"

मी विचारलं, किती घालताय.

"दुकानावरची खोली विकली, तिचे सगळे. पर्यटकांना भाड्याने देणाऱ्याने घेतली ना. प्रोद्रोमोसचंही भलं होईल. त्याच्या करारापुरतं भरतंय म्हणे."

उत्तरं मी उघडून पाहिली. मला तसा अधिकार आहे.

यापूर्वी सरकारी रोखे घेतले आहेत का? हो. दोन वर्षांहून अधिक काळ बाळगले का? हो. रोख्यांची हजामत म्हणजे काय? मूळ रक्कमच कापली जाणे. बरोबर. रेषा ओलांडली तर मुद्दल कमी होऊ शकतं का? हो. बरोबर. सहावा प्रश्न: गुंतवणुकीत मूळ रक्कम गमावण्याचा प्रत्यक्ष अनुभव आहे का? हो.

सहावा मी मुद्दाम घातला होता. माझी कल्पना अशी, की ज्याला अनुभव आहे तो 'हो'वर बोट ठेवताना थांबेल आणि उठून जाईल. पण कायद्यात ज्ञानाच्या बरोबरीने अनुभव मोजतात, म्हणून प्रत्येक 'हो'ला मी गुण दिले होते. यंत्राला थांबणं कळत नाही. बाबा बुडाले होते, याचे त्यांना पूर्ण गुण मिळाले. कव्हालात पात्र ठरलेला माणूस एकच, कारण तुम्ही तेरा वर्षांपूर्वी त्याला शिकवून ठेवलं होतंत.

विक्री गुरुवारी दुपारी बंद होते. तोवर तुम्ही अर्ज परत घेऊ शकता. एजंटाला तो अधिकार आहे. मला नाही.

मी बाबांना सांगितलं तर ते विचारतील, प्रोद्रोमोसवर तुझा एवढा राग का, तो तर आपणहून आला होता. मग मला दुसरी गोष्ट, अटीची, सांगावी लागेल. ती मी सांगू शकत नाही. ते रोज सकाळी तुमच्यासाठी दुसरा कप काढून ठेवतात, स्ट्रातोसने सांगितलं.

तुमच्या कराराचं मी बघते. विक्री विभागात बोलेन. लेखी देते.

अर्ज मागे घ्या. एवढंच मागते.

मिर्सिनी

*

अथेन्स, ईस्टरनंतरचा मंगळवार, २२ एप्रिल

नोनो,

पाकीट तुम्हाला बुधवारी सकाळीच मिळालं. स्टँडवरच्या माणसाने सही दाखवली.

पुनरुत्थानाच्या जेवणाला तुम्ही आमच्याकडे असाल, हे बाबांनी मला सांगितलं नव्हतं. थेआ वासो मागिरित्सा सूपचं भांडं घेऊन आली, आईच्या खुर्चीत बसली, आणि बाबा म्हणाले, "बसू दे, खुर्ची रिकामी कशाला ठेवायची." दारापाशी माझ्यासाठी पांढरी मेणबत्ती आणि बुटांचा खोका ठेवला होता. अडतिसाचे. माझा पाय एकोणचाळीसचा. बाबा म्हणाले, "घाल तरी, तुझ्या नोनोने आणलेत." मी घातले.

लाल अंडी फोडताना तुमचं अंडं माझ्या अंड्यावर आपटलंत. माझं फुटलं. तुम्ही म्हणालात, "ख्रिस्त उठला." मी म्हटलं, "खरंच उठला." दुसरं काही म्हणता येत नाही.

स्वयंपाकघरात मी तुम्हाला विचारलं, अर्ज मागे का घेतला नाहीत. तुम्ही नळ सोडून हात धूत होता, कानाजवळचा व्रण अजून गुलाबी होता. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "नियम तू लिहिलेस, बाळा. मी पाळले. माणूस पात्र आहे. त्याला नाही कसं म्हणू? तुझी परीक्षा खोटी म्हणून?" मग हात पुसलेत आणि म्हणालात, "खुर्चीचं मी त्याला कधी सांगणार नाही. काळजी करू नको." आणि माझ्या खांद्यावर ओला हात ठेवलात.

ही धमकी होती की नाही, यावर मी पूर्ण बसप्रवास विचार केला. दोन मतं होऊ शकतात.

पहिली तपासणी पुढच्या एप्रिलमध्ये आहे, शेवटची पाच वर्षांनी. पाच देशांचे दर मी रोज बघते, तसंही ते माझं काम आहे. एक देश रेषेच्या फार खाली नाही. तो कुठला ते तुम्हाला सांगत नाही, तुम्हाला कळेल. तोवर दर ईस्टरला आपण त्या टेबलाशी बसू, तुम्ही अंडं फोडाल आणि मी बूट घालेन.

काल सोमवारी दुकान बंद होतं. बाबा म्हणाले, "चल, तुझे केस बघतो, अथेन्समध्ये कुणी वाट लावलीय." खुर्ची अजून तीच आहे. आरशाच्या चौकटीत त्यांनी हिरवी पट्टी छापून लावलीय, आईच्या फोटोशेजारी. 'ग्राहक पात्र.' खाली तारीख.

कात्री उघडली. हात थरथरत होता. मानेपाशी गार पातं टेकलं, निघालं, परत टेकलं.

"ते प्रश्न तू लिहिलेस ना? प्रोद्रोमोस म्हणाला."

"हो."

"चांगले होते. सोपे होते. लोक उगाच म्हणतात गुंतागुंतीचं." एक बट कापली आणि म्हणाले, "मला वाटलं, पोरीने माझ्याचसाठी लिहिलेत."

मी मान फिरवायला गेले.

"हलू नको," ते म्हणाले. "सरकारी कागदासारखी बस."

मी हलले नाही.

मिर्सिनी